राजमुकुट आणि लोकमत

इ. स. १८६४ च्या मार्च महिन्यांत लंडन येथील बकिंगहॅम राजवाड्याच्या कठड्यावर कोणी एका खोडकर इसमानें एक जाहिरात लावून ठेवली. येथील मालकांचा धंदा अलीकडे बसत चालला आहे, सबब ही भव्य वास्तु भाड्यानें देणें अगर विकणें आहे, असा तिचा मतलब होता. थट्टा म्हटली तर थट्टाच. पण ज्या वाड्याच्या दाराशीं ती करण्याची कोणाची छाती झाली, त्या वाड्याची बाजारांत काय पत उरली होती हें तिजवरून चांगलें कळतें. राणी व्हिक्टोरिया तेव्हां ४४ वर्षांची होती. ता. १४ डिसेंबर १८६१ रोजीं तिचा पति प्रिन्स आल्बर्ट वारला आणि तेव्हांपासून तिनें काळीं वस्त्रें अंगावर घेऊन लोकांस तोंड दाखविणें सोडून दिलें. राज्याचे कागदपत्र ती पहात असे, त्यांवर सही करीत असे, प्रधानांस लांबलचक पत्रें लिहीत असे. परंतु हें सर्व बाल्मोरल आणि ऑसबर्न येथील एकांतांत. पार्लमेंटचें उद्घाटन करण्यास ती १८६६ पर्यंत गेली नाहीं. सरकारी तिजोरींतून मात्र तिला दर सालीं ३,८५,००० पौंडांची नेमणूक बिनचूक पोंचत होती. जी दिसत नाहीं तिच्यासाठीं हा खर्च कशाला, हा प्रश्न साध्या हिशेबी माणसाच्या मनांत आल्यास त्यांत नवल तें काय?

१८७० च्या सप्टेंबरांत फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन प्रशियन सैन्याच्या हातीं सांपडला व पॅरिसमध्यें प्रजासत्ताकाची द्वाही फिरली. त्या वाऱ्याबरोबर इंग्लंडच्या शहरोशहरीं प्रजासत्ताकवादी मंडळें निघालीं. राणी एवढ्या पैशाचें करते तरी काय, असा सरळ सवाल करणारें एक निनावी चोपडें १८७१ सालीं प्रसिद्ध झालें व तें हातोहात खपलें. तें जॉर्ज ट्रेव्हेल्यन यांनीं लिहिलें होतें, म्हणजे लेखक कोणी गल्लींतला चळवळ्या नसून पार्लमेंटचा सभासद होता. त्याच वर्षीं ता. ६ नोव्हेंबर रोजीं सर चार्ल्स डिल्क या २८ वर्षांच्या दुसऱ्या सभासदानें न्यूकॅसल येथें जाहीर भाषण करून राजघराण्याच्या खर्चाचा पाढा वाचला आणि प्रजासत्ताक राज्य आलें तर तें आपणांस इष्टच वाटेल असें सांगून टाकलें. इंग्लंडचें राजपद त्या हिवाळ्यांत जितकें डळमळीत होतें तितकें तें पूर्वीं किंवा नंतर क्वचितच झालें असेल.

आणि मग राजपुत्र तापानें आजारी पडला. प्रिन्स ऑफ वेल्स हा कांहीं लोकांच्या गळ्यांतील ताईत नव्हता. घोड्यांच्या शर्यती, जुगार व भलत्यासलत्या संगती यांबद्दल त्याचें नांव वर्तमानपत्रांतून यथेच्छ गाजलें होतें. पण त्याला झालेला ताप विषमज्वर होता, म्हणजे ज्यानें त्याचा पिता गेला असें सर्वजण मानीत होते तोच. आणि दुखणें विकोपास गेलें तें डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत. पित्याच्या मृत्यूची दहावी तिथि जवळ येत चालली. सँड्रिंगहॅमहून डॉक्टरांचीं पत्रकें तारेनें गांवोगांव जाऊं लागलीं, तीं वाचण्यास लोकांची गर्दी लोटूं लागली. नेमक्या १४ डिसेंबर रोजींच दुखण्यास उतार पडला. हा योगायोग एखाद्या नाटककारानें योजिला असता तर टीकाकारांनीं त्यास अस्वाभाविक म्हणून नांवें ठेविलीं असतीं. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनीं ही संधि सोडली नाहीं. राणीची फारशी इच्छा नसतांना त्यांनीं तिला घराबाहेर काढलें व ता. २७ फेब्रुवारी १८७२ रोजीं सेंट पॉलच्या देवळांत पुत्राच्या आरोग्याबद्दल ईश्वराचे आभार मानण्यासाठीं मायलेकांची मिरवणूक निघाली. रस्त्यांत माणसांची मुंगी शिरण्यास जागा नव्हती. पुढें तीन आठवड्यांच्या आंतच डिल्क यांनीं राणीच्या खर्चाची चौकशी व्हावी असा ठराव पार्लमेंटमध्यें आणला. त्याच्या बाजूनें दोन मतें पडलीं आणि विरुद्ध २७६.

येथें एक गोष्ट दृष्टीआड होतां कामा नये. डिल्क यांच्या आंकड्यांना कोणीं उत्तर दिलें नाहीं. तो पैसा योग्य कारणीं लागतो असें कोणीं सिद्ध केलें नाहीं, वंशपरंपरेचें तत्त्व बुद्धीस पटणारें आहे असेंहि कोणीं दाखविलें नाहीं. युक्तिवादास तोंड द्यावें लागलें तें एका आजाऱ्याच्या बिछान्यास, आणि बिछाना जिंकला. वॉल्टर बॅजट या चतुर ग्रंथकारानें पांच वर्षें अगोदर, १८६७ सालीं, इंग्लंडच्या राज्यघटनेवरील आपल्या ग्रंथांत हेंच मर्म सांगून ठेविलें होतें. राज्ययंत्राचा एक भाग काम करण्यासाठीं असतो व दुसरा लोकांचा आदर ओढून घेण्यासाठीं असतो. मंत्रिमंडळाचे खल सामान्य माणसास समजत नाहींत, पण सिंहासनावर बसलेलें कुटुंब, त्यांतील लग्नें, बारशीं, दुखणीं हीं त्यास तत्काळ समजतात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. मात्र बॅजटनें जें जरा निश्चिंतपणें सांगितलें त्याला एक उणी बाजूहि आहे. राजपदानें लोकांचें प्रेम मिळविलें तें दर वेळीं कांहीं तरी सोडून देऊन: प्रथम सत्ता, मग नांव, मग आप्त, मग पैसा, आणि सरतेशेवटीं कुटुंबाचा एकांत. शिवाय सोडण्याची वेळ चुकली तर सोडलेलेंहि पदरीं पडत नाहीं. युरोपांतील जे राजे सत्ता मुठींत धरून बसले त्यांचीं सिंहासनें आज पदार्थसंग्रहालयांत पहावयास मिळतात.

इंग्लंडच्या राजसमारंभांचा थाट हजार वर्षांचा आहे असें मानण्याची चाल आहे. मंत्र, तेल व मुकुट हीं जुनीं खरीं. परंतु शिस्तबद्ध, निर्दोष, डोळ्यांचें पारणें फेडणारा जो सोहळा आज लोक पाहतात तो बराच अलीकडचा आहे. १८२१ सालीं चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकास त्याची स्वतःची पत्नी देवळाच्या दारापर्यंत आली आणि पहारेकऱ्यांनीं तिला आंत जाऊं दिलें नाहीं! १८३८ सालीं खुद्द व्हिक्टोरियेच्या अभिषेकप्रसंगीं कोणास कांहीं पाठ नव्हतें. मुख्य धर्माधिकाऱ्यानें अंगठी भलत्याच बोटांत दडपून बसविली, ती काढतां काढतां राणीच्या डोळ्यांस पाणी येण्याची पाळी आली, आणि लॉर्ड रोल नांवाचे वृद्ध सरदार मुजऱ्यासाठीं पायऱ्या चढत असतां गडगडत खालीं आले. राजाच्या हातीं खरी सत्ता होती तोंपर्यंत त्याच्या समारंभांत अशी अव्यवस्था खपत होती, किंबहुना फार थाट झाला असता तर लोकांस त्याची धास्तीच वाटली असती. सत्ता जसजशी ओसरत गेली तसतशी मिरवणूक वाढत गेली. १८८७ चा सुवर्णमहोत्सव, ज्याच्या स्मरणार्थ बोरीबंदरच्या नव्या स्टेशनास व्हिक्टोरिया टर्मिनस हें नांव मिळालें, आणि १८९७ चा हीरकमहोत्सव हीं त्या वाढीचीं दोन शिखरें होत.

ता. २२ जून १८९७ रोजीं लंडनच्या रस्त्यांतून साम्राज्याच्या सर्व खंडांतील पलटणी चालल्या. अठ्याहत्तर वर्षांच्या राणीस सेंट पॉलच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून देवच जणूं काय पायऱ्यांपाशीं आणला गेला. ती गाडींतच बसून राहिली व प्रार्थना उघड्यावर झाली. लहान चणीची, साध्या काळ्या पोषाखांतील ती म्हातारी पाहून असंख्य माणसें सद्गदित झालीं, आणि त्यांचें तें प्रेम खोटें होतें असें म्हणण्यास कांहीं आधार नाहीं.

त्याच दिवशीं त्याच राणीचा तोच महोत्सव पुण्यासहि साजरा झाला. गणेशखिंडीस गव्हर्नराच्या बंगल्यावर मेजवानी व रोषणाई झाली, आणि तेथून रात्रीं परतत असतां प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांवर चाफेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागींच ठार झाला, रँड ३ जुलै रोजीं मरण पावला. प्लेगच्या तपासणीसाठीं सोजीर लोकांच्या घरांत शिरले होते, देवघरांपर्यंत गेले होते, आणि त्या घरांची आग अजून विझली नव्हती. वीस वर्षें मागें गेल्यास असेंच दुसरें चित्र दिसतें. ता. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस व्हिक्टोरिया 'कैसर-इ-हिंद' झाल्याचा दरबार भरला, तेव्हां दख्खन व मद्रास इलाखा दुष्काळानें होरपळत होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रतिनिधि म्हणून गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे त्या झगमगाटांत हातानें कातलेल्या व विणलेल्या खादीच्या पोषाखांत जाऊन बसले, आणि हिंदी प्रजेस ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा दर्जा मिळावा अशी मागणी त्यांनीं मानपत्रांतून केली. राजनिष्ठेच्या भाषेंत घातलेला तो एक बिनतोड सवाल होता.

एकच राणी, एकच दिवस. मग लंडनला अश्रु आणि पुण्यास पिस्तूल, असें कां व्हावें? वंश, धर्म, परकेपणा हीं कारणें आहेतच. पण राज्यशास्त्राच्या दृष्टीनें आणखी एक कारण आहे, व तेंच या विषयाच्या गाभ्याशीं जातें. लंडनमध्यें राणी आणि लोकांचें दुःख यांच्यामध्यें पार्लमेंटची भिंत उभी होती. भाकर महाग झाली, लढाई हरली, कर वाढला, तर शिव्या प्रधानास मिळत, निवडणुकींत प्रधान पडे, आणि राणी जागच्या जागीं निष्कलंक राही. पुण्यास ती भिंत नव्हती. येथें जो कर घेई, जो घर झडी, जो तुरुंगांत टाकी, तो राणीच्याच नांवानें, आणि त्याला मत देऊन खालीं उतरविण्याची सोय नव्हती. म्हणूनच न्यूकॅसलला प्रजासत्ताकाचा उघड पुरस्कार करणारा डिल्क पुढें मंत्रिमंडळांत जाऊन बसला, आणि शिवराज्याभिषेकोत्सवासंबंधीं 'केसरी'त आलेल्या मजकुरावरून लोकमान्य टिळकांस त्याच १८९७ सालीं राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. जेथें राजा कशासहि जबाबदार नसतो तेथेंच तो लाडका राहूं शकतो.

हा धडा व्हिक्टोरियेचा नातू पांचवा जॉर्ज यास फार कठीण प्रसंगीं गिरवावा लागला. १९११ सालीं मुंबईच्या अपोलो बंदरावर तो उतरला, दिल्लीस त्याचा दरबार झाला, आणि त्या उतरण्याच्या स्मारकाची कमान पुढें १९२४ सालीं पुरी झाली. परंतु मधल्या तेरा वर्षांत जगांतील निम्मे मुकुट धुळीस मिळाले होते. इंग्लंडचें राजघराणें आल्बर्टच्या वंशाचें, म्हणून त्याचें नांव सॅक्स-कोबर्ग-गोथा. ता. १३ जून १९१७ रोजीं जर्मन विमानांनीं लंडनवर दिवसाढवळ्या बाँब टाकले, त्यांत पॉप्लर भागांतील एका शाळेचीं अठरा मुलें मेलीं, आणि त्या विमानांचें नांवहि गोथाच होतें! ता. १७ जुलै रोजीं राजानें जाहीरनामा काढून घराण्याचें नांव विंडसर असें केलें. एका किल्ल्याच्या नांवानें घराण्याचें बारसें झालें. त्याच झपाट्यांत बॅटेनबर्ग कुळाचें माउंटबॅटन झालें. तीस वर्षांनीं दिल्लीच्या अखेरच्या व्हाइसरॉयनें जें नांव धारण केलें होतें तें असें अवघ्या सतरा वर्षांच्या वयांत त्यास मिळालेलें होतें.

नांव सोडणें सोपें. त्याच वर्षीं राजानें जें दुसरें सोडलें तें आठवलें म्हणजे मन खिन्न होतें. रशियाचा झार निकोलस हा त्याचा मावसभाऊ. दोघे दिसण्यांत इतके सारखे कीं छायाचित्रांत ओळखूं येऊं नयेत. मार्च १९१७ मध्यें झार पदच्युत झाला व ब्रिटिश मंत्रिमंडळानें त्यास आश्रय देण्याचें कबूल केलें. परंतु इंग्लंडांतील कामकरी वर्गांत झारविषयीं तिटकारा होता. एप्रिलच्या आरंभीं राजाचे चिटणीस लॉर्ड स्टॅमफर्डहॅम यांनीं परराष्ट्रमंत्र्यांस पत्रांमागून पत्रें लिहून हा पाहुणा येथें आणूं नये असा राजातर्फे आग्रह धरला. आश्रयाची गोष्ट मागें पडली. जुलै १९१८ मध्यें एकातेरिनबर्ग येथें झार, त्याची पत्नी व पांचहि मुलें यांस गोळ्या घालण्यांत आल्या. पुढें कित्येक वर्षें हा दोष पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या माथीं मारला जात होता. पार्लमेंटची भिंत राजाला लोकांच्या रागापासून वांचविते, तशीच ती कधींकधीं त्याच्या स्वतःच्या कृत्यापासूनहि वांचविते. इंग्लंडमध्यें आले असते तर झारचे प्राण वांचले असते हें उघड आहे. जॉर्जचें सिंहासन त्यामुळें गेलें असतें काय, हें मात्र कोणासहि सांगतां येणार नाहीं. त्यानें धोका पत्करला नाहीं एवढें खरें. १९२४ च्या जानेवारींत मजूर पक्षाचें पहिलें मंत्रिमंडळ त्याच राजानें शांतपणें नेमलें, आणि नेमका तो दिवस व्हिक्टोरियेच्या पुण्यतिथीचा असल्यानें आजीस हें पाहून काय वाटलें असतें, असा विचार त्यानें आपल्या रोजनिशींत नमूद करून ठेविला.

या घराण्याशीं संबंध असलेला दुसरा एक राजा याहून सरळ वाटेनें गेला. १९०५ सालीं नॉर्वे स्वीडनपासून विभक्त झाला व त्यानें डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल यास गादी देऊं केली. कार्ल हा पांचव्या जॉर्जचा मेहुणा. त्यानें उत्तर दिलें कीं, लोकांस राजा हवा आहे कीं नाहीं हें प्रथम लोकांसच विचारा. ता. १२ व १३ नोव्हेंबर रोजीं मतें घेण्यांत आलीं, अर्थात् त्या काळच्या रीतीप्रमाणें पुरुषांचींच. २,५९,५६३ मतें राजाच्या बाजूनें व ६९,२६४ विरुद्ध पडलीं. तेव्हां तो हाकोन हें जुनें नॉर्वेजियन नांव घेऊन आला. वंशपरंपरेच्या पदास मतपेटीचा आधार घेणें हें वरवर विसंगत दिसतें. पण त्या विसंगतीची किंमत १९४० सालीं कळली. ता. ९ एप्रिल रोजीं जर्मन सैन्य नॉर्वेंत घुसलें, आणि दुसऱ्या दिवशीं हिटलरच्या वकिलानें क्विस्लिंग यास पंतप्रधान नेमण्याची मागणी राजापुढें ठेविली. राजानें मंत्र्यांस सांगितलें कीं, निर्णय तुमचा. पण ज्याच्यावर लोकांचा विश्वास नाहीं अशा माणसास मी नेमणार नाहीं, आणि तुम्हांस तसें करणें प्राप्त वाटत असेल तर मी गादी सोडतों. मंत्र्यांनीं राजाची बाजू घेतली. तो ज्या खेड्यांत होता त्यावर जर्मनांनीं लगेच बाँब टाकले. राजा व युवराज बर्फांतून रानांत निसटले. पुढील पांच वर्षें त्याच्या नांवाचें आद्याक्षर व सातचा आंकडा लोक भिंतींवर काढीत होते. इटलीच्या राजानें १९२२ सालीं मुसोलिनीस स्वतः बोलावून प्रधानकी दिली होती. १९४६ च्या जूनमध्यें इटालियन लोकांनीं मतें देऊन ती गादीच मोडून टाकली. हाकोनचा मुलगा ओलाव याचें एक छायाचित्र नॉर्वेंत घरोघरीं ठाऊक आहे: १९७३ च्या तेलटंचाईंत मोटार घरीं ठेवून राजा विजेच्या आगगाडींत बसला आहे आणि तिकिटासाठीं पैसे पुढें करीत आहे. त्या चित्राचें वजन १९४० मुळें आहे. एरव्हीं तो एक बरा देखावा ठरला असता, इतकेंच.

इंग्लंडला देखाव्याचें नवें साधन मिळालें तें आकाशवाणीचें. बी. बी. सी. चे प्रमुख जॉन रीथ हे १९२३ पासून राजाच्या मागें लागले होते. राजास हें प्रकरण रुचत नव्हतें. अखेर ता. २५ डिसेंबर १९३२ रोजीं सँड्रिंगहॅमच्या वाड्यांतील एका लहानशा खोलींतून पांचवा जॉर्ज आपल्या साम्राज्याशीं बोलला. शब्द रड्यर्ड किप्लिंग यांनीं लिहून दिले होते, ज्यांचे वडील मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिक्षक होते व ज्यांचा जन्मच मुंबईचा. सुमारे दोन कोटि लोकांनीं तें भाषण ऐकलें असा अंदाज आहे. राजाचा आवाज आजोबांचा आवाज होऊन शेगडीजवळ येऊन बसला. तोंपर्यंत राजा दिसण्यासाठीं लोकांस रस्त्यावर यावें लागे. आतां राजाच लोकांच्या घरीं जाऊं लागला, आणि घरीं येणाऱ्या पाहुण्याची रोज थोडी अधिक चौकशी होते हें तेव्हां कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

१९३६ सालीं तें ध्यानांत यावयास हवें होतें. ता. २० जानेवारीच्या रात्रीं राजा मृत्युशय्येवर होता. त्याचे वैद्य लॉर्ड डॉसन यांनीं मॉर्फिया व कोकेन टोंचून त्याचा अंत लवकर घडवून आणला. आणि त्याचें एक कारण असें कीं, ही वार्ता सायंकाळच्या हलक्या पत्रांत प्रथम न येतां सकाळच्या 'टाइम्स' मध्यें यावी. डॉसन यांनीं हें स्वतःच आपल्या टिपणांत लिहून ठेविलें होतें व १९८६ सालीं तें जगापुढें आलें. राजाचें मरणहि छापखान्याच्या वेळापत्रकांत बसवावें लागलें, यापेक्षां राजपदाच्या नव्या स्वरूपावर अधिक भयंकर भाष्य कोणीं केलें नसेल.

त्याच वर्षीं आठव्या एडवर्डनें गादी सोडली. युवराज असतांना त्याच्याइतका लोकप्रिय माणूस साम्राज्यांत नव्हता. खाणींतील बेकार मजुरांच्या घरीं जाणारा, हंसरा, मोकळा. परंतु दोनदां घटस्फोट घेतलेल्या स्त्रीशीं लग्न करण्याचा त्याचा हट्ट बाल्डविन यांच्या मंत्रिमंडळास व वसाहतींच्या सरकारांस मान्य नव्हता. ता. १० डिसेंबरला त्यानें त्यागपत्रावर सही केली. मौज अशी कीं, त्याच्या राज्याभिषेकासाठीं १२ मे १९३७ ही तारीख ठरलेली होती. ती बदलली नाहीं, फक्त राजा बदलला. व्यक्तीवरील प्रेम आणि पदावरील प्रेम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दोहोंत वितुष्ट आलें तर पद व्यक्तीस गिळून टाकतें. ज्या धाकट्या भावास हें ओझें उचलावें लागलें तो सहावा जॉर्ज बोलतांना अडखळत असे, आणि आकाशवाणीच्या युगांत राजाचें मुख्य काम बोलणें हेंच होऊन बसलें होतें. लायनेल लोग या ऑस्ट्रेलियन शिक्षकाजवळ वर्षानुवर्षें बसून त्यानें एकेक शब्द कमावला. १९४० च्या सप्टेंबरांत बकिंगहॅम राजवाड्यावर बाँब पडले तेव्हां तो लंडनमध्येंच होता. त्या अडखळत्या आवाजावर लोकांचा विश्वास बसला तो हिमतीमुळें. वक्तृत्व त्याच्याजवळ नव्हतेंच.

दूरचित्रवाणी आली तशी ही गोष्ट आणखी पुढें गेली. १९५३ सालीं दुसऱ्या एलिझाबेथचा अभिषेक लोकांस घरबसल्या दाखवूं नये असें मंत्रिमंडळाचें प्रथम मत होतें. ओरड झाली, तेव्हां तें बदललें. दोन कोटींहून अधिक लोकांनीं तो पडद्यावर पाहिला. फक्त तेलाचा अभिषेक होत असतां राणीवर छत्र धरून कॅमेऱ्यांस दूर ठेविलें होतें. गूढाची तेवढीच एक हातभर जागा राखून ठेवली होती. १९६९ मध्यें राजकुटुंबानें आपलें घरगुती जीवन चित्रपटांत दाखवूं दिलें, रानांत मांस भाजून जेवणें वगैरे. लोकांनीं तें आवडीनें पाहिलें, आणि पुढें राजवाड्यानें तें चित्रच लोकांपुढून काढून घेतलें. पण एकदां उघडलेली खिडकी लोटून घेतली तरी आंत काय आहे हें बाहेरच्यास ठाऊक झालेलें असतें.

१९९२ सालीं त्याचें उट्टें निघालें. राणीच्या चारांपैकीं तीन मुलांचे संसार त्या वर्षांत मोडले. ता. २० नोव्हेंबरला विंडसरच्या किल्ल्यास आग लागली. दुरुस्तीचा खर्च सरकार करील असें मंत्र्यांनीं जाहीर करतांच करदात्यांत संताप उसळला. किल्ला उभा असतां तो राणीचा, आणि जळाला म्हणजे आमचा काय, असा लोकांचा बिनतोड सवाल होता. आठवडा उलटण्यापूर्वींच पंतप्रधान जॉन मेजर यांनीं पार्लमेंटमध्यें सांगितलें कीं, राणी आतां प्राप्तीवर कर भरणार. दुरुस्तीस ३ कोटि ६५ लक्ष पौंड लागले व त्यांतील बराच मोठा भाग उभा करण्यासाठीं १९९३ च्या उन्हाळ्यांत बकिंगहॅम राजवाड्याचीं दालनें आठ पौंड तिकीट लावून लोकांस खुलीं करण्यांत आलीं. १८६४ च्या त्या खोडकराची जाहिरात एका अर्थीं राजवाड्यानें मनावर घेतली!

पांच वर्षांनीं, ता. ३१ ऑगस्ट १९९७ रोजीं, युवराजाची घटस्फोटित पत्नी डायना अपघातांत गेली. राणी बाल्मोरलला नातवांजवळ राहिली. ज्यांची आई गेली आहे अशा दोन पोरक्या मुलांजवळ आजीनें रहावें, यांत वावगें तें काय होतें? परंतु राजवाड्यावरील निशाण अर्ध्यावर उतरलें नाहीं, राणी दिसली नाहीं, म्हणून वर्तमानपत्रें गरजूं लागलीं. कुटुंब म्हणून लोकांचें प्रेम मिळविलें आणि कुटुंब म्हणून वागण्याची मात्र मोकळीक उरली नाहीं. ता. ५ सप्टेंबरला राणी लंडनला आली, दूरचित्रवाणीवर बोलली, फुलांच्या राशींपुढें उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशीं निशाणहि अर्ध्यावर उतरलें. १८७२ मध्यें ग्लॅडस्टननें एका विधवेस घराबाहेर काढलें होतें. सव्वाशें वर्षांनीं तेंच काम जमावानें केलें.

ता. ८ सप्टेंबर २०२२ रोजीं एलिझाबेथ वारली. सत्तर वर्षांच्या कारकीर्दींत तिनें आपलें राजकीय मत उघड होऊं दिलें नाहीं, आणि तिच्या लोकप्रियतेंतील अर्धा वांटा त्या मौनाचा होता. तिच्या शवपेटीचें दर्शन घेण्यास सुमारे अडीच लक्ष माणसें थेम्सच्या कांठीं रात्रंदिवस रांगेंत उभीं होतीं. तत्पूर्वीं दहा महिन्यांच्या आंतच, ३० नोव्हेंबर २०२१ रोजीं, बार्बाडोस बेटानें तिला राष्ट्रप्रमुखपदावरून दूर करून प्रजासत्ताक पुकारलें होतें, आणि त्या समारंभास तिचाच युवराज पाहुणा म्हणून हजर होता. तरुण ब्रिटिशांत राजपदाविषयींची आस्था वडील पिढीहून पुष्कळ कमी आहे असें मतपाहण्या सांगतात. २०२५ च्या ऑक्टोबरांत राजा तिसरा चार्ल्स यानें आपला सख्खा भाऊ अँड्र्यू याचा राजपुत्र हा किताबहि काढून घेण्याचें जाहीर केलें. पणज्यानें मावसभाऊ सोडला होता, त्याच्या पणतूवर सख्खा भाऊ सोडण्याची पाळी आली.

चार्ल्सचा अभिषेक ता. ६ मे २०२३ रोजीं झाला. तेलाच्या विधीच्या वेळीं याहि खेपेस त्याच्याभोंवतीं आडपडदा धरण्यांत आला, आणि त्या पडद्यावरील वेलबुट्टी साऱ्या जगानें पाहिली. त्याच सकाळीं ट्रॅफल्गर चौकाजवळ पिवळे फलक घेऊन आलेल्या प्रजासत्ताकवाद्यांपैकीं कांहींजणांस पोलिसांनीं मिरवणूक सुरू होण्यापूर्वींच अटकेंत नेलें. दोन दिवसांनीं पोलिसांनीं दिलगिरी व्यक्त करून त्यांस आरोपांतून मोकळें केलें.